सोलापूरजवळ चार एकरात फार्महाऊस बांधतोय. भोवतीची आखणी कशी करावी? लॉन किती घ्यावं?

"आर्किटेक्ट म्हणतो, बांध मोडून सगळं लेव्हल करू" हे तुमचं वाक्य वाचलं आणि गप्प बसवेना. बांध मोडू नका. बाकीचं नंतर बोलू.

अक्कलकोट रस्त्याला आमचं साडेतीन एकर रान आहे, काळं. 2017 साली थोरल्या भावानं तिथं फार्महाऊस बांधलं. पुण्याहून माणूस बोलावून रंगीत नकाशा काढला: बारा गुंठे लॉन, पामची रांग, पेव्हर ब्लॉकचा रस्ता. मधली ताल, म्हणजे पाणी अडवणारा मातीचा बांध, जेसीबीनं सपाट केली. व्ह्यू अडतो म्हणून विहिरीकडची चिंच पाडली. तिच्याखाली बाबा दुपारची भाकरी आणि शेंगाचटणी सोडायचे; टेकून टेकून खोडाची एक बाजू गुळगुळीत झाली होती. मी म्हटलं, दादा, चिंच राहू दे. तो म्हणाला, झाड काय, परत लावता येतं.

लॉनला उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर पाणी धरा. गुंठ्याला 500 लिटर, बारा गुंठ्यांना 6,000. एप्रिलमध्ये बोअर आटलं, टँकर सुरू झाले. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात, ताल नसल्यानं, वरच्या रानाचं पाणी सरळ ओसरीत आलं. फरशीवर बोटभर गाळ. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. दोन वर्षांत ब्लॉक असे उचलले की गेट अर्ध्यावर अडायचं.

म्हणून घराची जागा ठरवण्याआधी एक पावसाळा काढा. पाऊस चालू असताना रानात फिरा, पाणी जिथून येतं आणि साचतं तिथं खुंट्या ठोका. खोलगट कोपऱ्यात शेततळं घ्या. आपल्याकडं 550 मिलिमीटरच्या आसपास पाऊस म्हणजे एकरी 22 लाख लिटर, त्यातलं थोडं अडवलं तरी झाडं जगतात. पश्चिमेला कडुलिंब, करंज दाट लावा, दुपारनंतरचं ऊन तिकडून भाजतं. रस्ता मुरमाचा करा. पाम नकोच, सावली काय देणार ते?

जमीन मुरमाड असेल तर ब्लॉकही टिकतील. पोरांना खेळायला एखादा गुंठा लॉन घ्या, सांडपाण्यावर जगेल तेवढंच. कॅनॉलचं पाणी असेल तर हिशोब थोडा बदलेल.

जुनं झाड आड येत असेल तर घर दहा फूट सरकवा. दादानं 2019 ला चिंचेचं रोप लावलं. त्याच्याखाली अजून बाज टाकता येत नाही. बाबा रानात आले की आता ओसरीत बसून जेवतात.