बाई असून माणसं विकली?

प्रश्न : आमच्या बचत गटात वाद झाला. एकीनं वाचलं होतं, आफ्रिकेतून अमेरिकेला गुलाम नेले त्या धंद्यात तिथल्या बायकासुद्धा होत्या. बाकीच्या म्हणाल्या, नाव बाईचं आणि धंदा नवऱ्याचा असेल, सरपंचबाईचा कारभार नवरा बघतो तसा. खरं काय?
— एक वाचक, तुळजापूर

उत्तर : उलटंच होतं, ताई. आजच्या सेनेगल, गांबिया, गिनी-बिसाऊच्या किनाऱ्यावर गोरा व्यापारी हा उपरा. जमीन विकत मिळत नसे; राहायचं ते तिथल्या राजाच्या मर्जीनं आणि कुणातरी गावकऱ्याच्या आश्रयानं. भाषा येत नाही, हवा सोसत नाही. आपल्या मोंढ्यात परगावच्या व्यापाऱ्याचं आडत्यावाचून पान हलत नाही, तशी गत. ही आडत अनेक ठिकाणी बायकांनी धरली. काहीजणी त्या गोऱ्याशी गावच्या रिवाजानं संसार थाटत. तो चार-दोन वर्षांत मायदेशी जाई, नाहीतर तापानं मरे. घर, होड्या, येणी बाईकडं राहत. सेनेगलच्या किनाऱ्याजवळच्या ‘गोरे’ नावाच्या बेटावर आणि तिथल्याच सेंट लुई गावात अशा बायकांना ‘सिन्यार’ म्हणत, पोर्तुगीज ‘सिन्योरा’वरून. त्यांचेही गुलाम असत. ते गोऱ्यांच्या व्यापारी कंपनीच्या होड्या वल्हवत, कपडे धूत, आणि मजुरी मालकिणीच्या हातात पडे.

नवऱ्याचं म्हणाल तर बिबियाना वाझचं ऐका. आडनाव वसईकडचं वाटेल (दोन्हीकडं ते पोर्तुगीजांनीच नेलं), पण बाई गिनी-बिसाऊतल्या काशेऊ या नदीकाठच्या पेठेतली. नवरा वारल्यावर धंदा तिनंच चालवला. पोर्तुगीज अधिकारी परदेशी जहाजांशी व्यापार करू देईनात, तेव्हा १६८४ साली तिनं आणि तिच्या साथीदारांनी तिथला मुख्य अधिकारीच धरला आणि फारीम या गावी नेऊन १४ महिने कोंडून ठेवला! पुढं तिला पकडलं, पण माफी मिळाली.

त्याच काशेऊतली क्रिस्पिना पेरेस मला जास्त अस्वस्थ करते. पेठेतली बडी व्यापारीण. १६६५ मध्ये इन्क्विझिशननं, म्हणजे धर्मन्यायालयानं, तिला अटक करून पोर्तुगालची राजधानी लिस्बनला नेलं. आरोप काय? ख्रिस्ती असून आजारपणात गावच्या वैदूंकडं गेली, गंडेदोरे केले. तिच्या वाईटावर टपलेले व्यापारातले लोक होतेच. माणसं विकल्याबद्दल मात्र तिला कुणी एक शब्द विचारला नाही. दोरा बांधणं पाप, माणूस विकणं व्यवहार.

गांबियाची फेंडा लॉरेन्स तर १७७२ साली आपले गुलाम बरोबर घेऊन अमेरिकेत जॉर्जियाला राहायला गेली. काळी, स्वतंत्र, पैसेवाली. आणि भोवतीचे बहुतेक काळे लोक गुलाम.

या बायकांना ‘उद्योजिका’ म्हणून मिरवायची हल्ली टूम निघालीय. मला ती पटत नाही. खमक्या होत्या, हिशेबाला पक्क्या होत्या, कबूल. पण जहाजात कोंबलेल्यांतही बायका होत्या, लेकरं होती. साडेतीन शतकांत सुमारे सव्वा कोटी माणसं चढवली गेली; त्यातली १८ लाखांच्या आसपास समुद्रातच मेली. तुमच्या गटातल्या बाकीच्यांना सांगा, नवऱ्याच्या आड लपवून या बायकांना निर्दोष ठरवता येत नाही.

तुम्ही तुळजापूरच्या, म्हणून एक सांगते. आराधिणींच्या गळ्यात कवड्यांची माळ असते ना, तशीच कवडी मालदीवच्या समुद्रातून निघून बंगाल-सिलोनमार्गे लंडन-ॲमस्टरडॅमला जायची. तिथून जहाजं ती पश्चिम आफ्रिकेला न्यायची आणि बेनिनच्या आखातात माणसाची किंमत कवड्यांत मोजून द्यायची. अंबाजोगाईच्या शाळेत मी वर्षानुवर्षं फळ्यावर खडूनं गुलामांच्या व्यापाराचा त्रिकोण काढला : युरोप, आफ्रिका, अमेरिका. कवडीचा रस्ता हिंदी महासागरातून येतो, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. तोवर माझ्या वर्गातल्या त्या पोरी स्वतः आया झाल्या होत्या.