टाइमटेबल नंतर, आधी रक्त तपास

चि. पुतणीला,
अनेक आशीर्वाद.

मेसेज वाचला. स्पर्धा परीक्षेसाठी दिवसभर अभ्यासिकेत बसूनही वाचलेलं डोक्यात राहत नाही, म्हणून आता पहाटे चारला उठायचं टाइमटेबल हवंय तुला. ते मी देणार नाही.

जिना चढताना धाप लागते, असं तू जाता जाता लिहिलंयस. माझं लक्ष तिथेच अडकलं. आळशी झालेय म्हणून स्वतःला बोल लावण्याआधी सीबीसी ही रक्ताची साधी तपासणी करून घे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय निघाला होता. त्यात तुम्ही सदाशिव पेठेत एकेक कॉट भाड्याने घेऊन राहणाऱ्या मुली. मेसची पातळ भाजी, तीही अर्धी टाकून उठायचं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली आलं तर डॉक्टर गाठ. शाकाहारी आहेस, तेव्हा बी-१२ चं विचार, आणि थायरॉइडचंही. लोहाच्या गोळ्या दिल्या तर चहाबरोबर घेऊ नकोस, चहा लोह अंगी लागू देत नाही. जेवल्या जेवल्या चहाही नको.

चहाचा विषय निघालाच आहे तर रात्री नऊची अमृततुल्यची फेरी बंद कर. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, झोप त्याने येते. कॅफिन ते कमी करत नाही, नुसतं त्याची जागा अडवून बसतं. थकवा असतो तेवढाच, तुला कळत नाही इतकंच. चहातलं निम्मं कॅफिन उतरायलाच साधारण पाच-सहा तास जातात. मग दोन वाजेपर्यंत कूस बदलत पडतेस आणि वर पहाटे चारचा गजर!

दुपारी डोळे मिटतात त्याचा अपराध वाटून घेऊ नकोस. जेवण हलकं असलं तरी त्या वेळी शरीर जरा मंदावतंच. (एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्यांना खुशाल हसू देत लोक.) वीसेक मिनिटं टेबलावर डोकं टेकव, तासभर झोपलीस तर उठल्यावर डोकं जड होईल. अर्थशास्त्र सकाळीच संपव, चालू घडामोडींची टिपणं दुपारी काढ. आणि शेजारची किती तास बसते ते मोजणं सोड, ती काय वाचते ते तरी तुला कुठे माहीत आहे?

रिपोर्ट आला की फोटो पाठव. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते ना? जेवायला ये. काकू अळीवाचे लाडू करणार आहे, डबा घेऊन ये.

तुझा,
काका