फटाक्यांना घाबरून पळालेली आमची कुत्री चार दिवस सापडत नाही, काय करावं?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं: तीन वर्षांची देशी कुत्री, तांबूस रंगाची. लक्ष्मीपूजनाच्या रात्री कोथरूडात सोसायटीच्या फाटकाशी सुतळी बॉम्ब फुटला आणि ती गळपट्ट्यातून मान काढून पळाली. सगळ्या ग्रुपांवर फोटो फिरवून झाला, एकही खरा फोन नाही, आणि घरातली मंडळी आता म्हणतायत की नाद सोड.

नाद सोडू नका. दिवाळीनंतर हरवलेली कुत्री शोधायचं काम पुण्यात आम्ही काही जण करतो, आणि चार दिवस म्हणजे आमच्या हिशेबात अजून सुरुवातच आहे. फक्त शोधायची पद्धत बदला. कुत्रीला शोधत गल्लीबोळ पालथे घालण्याआधी, तिला पाहिलेला माणूस शोधा.

व्हॉट्सॲपवर तुमचा फोटो ज्यांनी पाहिला, ती माणसं कुत्री फिरते त्या वेळी झोपलेली असतात. घाबरलेलं जनावर दिवसा कुठेतरी अंग चोरून पडून राहतं आणि रस्ते शांत झाले की बाहेर पडतं, साधारण रात्री दोननंतर ते उजाडेपर्यंत. त्या वेळी जागं कोण असतं? रस्ता झाडणाऱ्या मावशी, पेपर टाकणारी पोरं, दुधाच्या टेम्पोवाले, बांधकामाच्या साइटवरचे वॉचमन, पहाटे स्टोव्ह पेटवणारा टपरीवाला. जरा उजाडल्यावर ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरा गोळा करणाऱ्या ताई. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे भागातल्या कुत्र्यांना रोज खायला घालणारे लोक. प्रत्येक एरियात असं एखादं माणूस असतंच, आणि त्याला आपल्या पट्ट्यातलं एकूण एक कुत्रं तोंडपाठ असतं.

त्यांना विचारतानाही एक गोष्ट सांभाळा. ‘तांबूस कुत्री दिसली का?’ असं विचारलंत तर दहातले आठ जण ‘हो, दिसली की’ म्हणतील आणि तुम्ही दिवसभर भलत्याच कुत्र्यांमागे फिराल. पुण्यात तांबूस कुत्र्यांना काय तोटा? त्याऐवजी विचारा, ‘इथली कुत्री ज्याच्यावर तुटून पडतायत असं कुणी नवीन कुत्रं दोन-चार दिवसांत आलंय का? शेपूट पोटात घातलेलं?’ हा प्रश्न वॉचमनला लगेच कळतो, कारण त्या भुंकण्याने त्याचीच झोपमोड झालेली असते.

याच भुंकण्यातून ती कुठल्या बाजूला सरकली असेल याचाही अंदाज येतो. प्रत्येक गल्लीची टोळी ठरलेली. परकं कुत्रं आलं की एक टोळी त्याला हद्दीपर्यंत हाकलते, तिथून पुढची टोळी. असं ढकललं जाता जाता ते जिथे कुणाचंच राज्य नाही अशा कडेच्या जागी पोचतं. ओढ्याचा काठ, बंद पडलेली साइट, मोकळा प्लॉट, रेल्वेची हद्द. तुमच्या भागात ओढ्याइतकीच टेकडीही बघा. म्हातोबा टेकडी आणि तिला लागून असलेली वेताळ टेकडी. तिथे पहाटे चालायला येणारी ज्येष्ठ मंडळी म्हणजे बातम्यांची खाण आहे. त्यांच्या कट्ट्यावर एक पोस्टर द्या आणि दोन मिनिटं बोला, दुपारपर्यंत अख्ख्या टेकडीला खबर जाते.

पोस्टर छापताना ‘आमची लाडकी परी’वगैरे मजकूर नको. एकच मोठा फोटो, वरती ‘हरवली आहे’, खाली फोन नंबर, चालत्या रिक्षातून वाचता येईल एवढ्या अक्षरात. आणि ठळकपणे: ‘पकडायला धावू नका, हाक मारू नका, फक्त फोन करा.’ ही ओळ विसरू नका. चांगल्या मनाने मागे धावणाऱ्या लोकांनी कुत्री भर रस्त्यावर गाडीखाली घातलेली आहेत.

आता जे सांगणार आहे त्यावर मालकांचा सहसा विश्वास बसत नाही. ती समोर आली तरी तुम्हाला ओळखणार नाही, अशी शक्यता आहे. भीती एकदा अंगात शिरली की प्रत्येक माणूस हा धोका. त्यात मालकही आला.

कर्वेनगरात एका काकांची पामेरियन एका अर्धवट इमारतीत सापडली होती. काकांनी तिचं नाव घेऊन जोरात हाक मारली, तर ती विटांच्या ढिगामागे अशी गडप झाली की शेपटाचं टोकही दिसेना. मग आम्ही बाकीचे लांब गेलो आणि काकांना सिमेंटच्या गोणीवर तिच्याकडे पाठ करून बसायला सांगितलं. शेजारी उकडलेल्या कलेजीचा डबा, झाकण उघडं. नुसतं बसून काका कंटाळले आणि त्यांनी घरी फोन लावला. ‘अगं, येताना मेथी आणू का? नको? कोथिंबीर तरी?’ हे त्यांचं रोजचं, घरातलं बोलणं. विटांमागून आधी एक कान दिसला, मग नाक. पोट जमिनीला घासत ती पुढे आली, कलेजी बाजूला ठेवून आधी त्यांची चप्पल हुंगली. मग घोटा. आणि मग एकदम तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. असं केकाटायला लागली की वॉचमन धावत आला. काकांनी शहाणपणा केला तो एवढाच, की ती मांडीवर चढेपर्यंत हात उचलला नाही.

तुम्हीही तेच करायचं. दिसली की खाली बसा, अंग तिरकं ठेवा, डोळ्याला डोळा भिडवू नका. वासाचं खाणं आपल्या भोवती टाका, तिच्या अंगावर नको. बोलायचंच तर रोजच्या आवाजात बोला, आर्जवं करू नका. ती एकाच ठिकाणी परत परत दिसत असेल तर रोज त्याच वेळी, त्याच जागी खाणं आणि तुमचा न धुतलेला टी-शर्ट ठेवा. जागा पक्की झाली की मग प्राणिमित्र संस्थेकडून पिंजरा मागवता येतो. जाळी घेऊन मागे पळणं हा अगदी शेवटचा उपाय, आणि तोही सरावलेल्या माणसानेच करायचा.

‘येईल ती आपणहून’ असं म्हणणारा एखादा नातेवाईक तुमच्याकडेही असेलच, आणि तो तुम्हाला यमगर्णीच्या कुत्र्याची गोष्ट ऐकवेल. गोष्ट खरी आहे. निपाणी तालुक्यातल्या यमगर्णी गावचा हा कुत्रा २०२४ च्या आषाढीला मालकाबरोबर पंढरपूरला गेला, गर्दीत चुकला, आणि मालक घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी दारात हजर झाला. अंतर सुमारे २५० किलोमीटर. गावाने हार घालून जेवणावळ घातली. पण तो कुत्रा जाताना सगळी वाट मालकामागून पायी चालून गेला होता, वाटेचा वास त्याच्या नाकात होता. तुमची घाबरून, वाट फुटेल तिकडे पळाली आहे. घरचं फाटक रात्री उघडं ठेवायला हरकत नाही, पण विठ्ठलावर सोडून झोपू नका.

अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत हरवलेल्यांपैकी ९३ टक्के कुत्री मालकांना परत मिळाली होती. मिळालेल्यांपैकी जवळपास निम्मी आसपासच्या भागात फिरून, पाचातलं एक आपणहून, आणि शेल्टरमधून अवघी सहा टक्के. तिकडच्या रस्त्यावर आपल्यासारख्या टोळ्या नसतात, त्यामुळे आकडे जसेच्या तसे इकडे लावता येणार नाहीत. पण आसपास पायी फिरण्याला पर्याय नाही, हे इथेही तंतोतंत खरं.

तरीही महापालिका भटकी कुत्री उचलून नेते त्या नसबंदी केंद्रात एकदा स्वतः जाऊन या. फोनवर ‘नाही हो इथे’ हे उत्तर धरून चालू नका. तुमची देशी, आता गळ्यात पट्टा नाही, आणि कानाला व्हीचा काप, म्हणजे नसबंदी झाल्याची खूण, नसेल तर महापालिकेच्या गाडीला ती भटकीच वाटणार. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण झालेलं कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असतं. म्हणजे उचलली असली तरी ती परत त्याच भागात येणार, तुमच्या दारात नव्हे. गाडी कुठे कुठे फिरली ते विचारून घ्या. शिवाय नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा आवारांतली भटकी कुत्री हलवून तिथे परत न सोडण्याचा आदेश दिलाय. त्यामुळे ती अशा आवारात शिरली असेल तर निवाऱ्यातही बघायला हवं.

बक्षीस जाहीर केलंत तर लगेच ठग लागतात मागे. ‘तुमची कुत्री माझ्याकडे आहे, गाडीभाड्याचे दोन हजार पाठवा.’ यावर एकच उपाय: तिची एक खूण पोस्टरवर लिहू नका. पोटावरचा पांढरा ठिपका, तुटलेलं नख, काहीही. फोन करणाऱ्याला ती विचारा, किंवा सरळ व्हिडिओ कॉल करा म्हणावं. क्यूआर कोड आला की फोन ठेवा. आणि कुणाकडे खरोखरच असेल आणि देत नसेल, तर पोलिसांत जा. सापडलेला दुसऱ्याचा जीव आपलाच म्हणून दडपून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खालचा अप्रामाणिक अपहार ठरू शकतो. चौकीत ‘कुत्र्याची कसली तक्रार?’ म्हणतील. लसीकरणाचं कार्ड, परवाना आणि जुने फोटो पुढे ठेवलेत की आवाज खाली येतो.

कुत्र्याच्या कातडीखाली बसवतात त्या ओळखीच्या चिपबद्दलही तुम्ही विचारलंय. चिप म्हणजे जीपीएस नाही. तांदळाच्या दाण्याएवढी असते, तिला बॅटरी नसते, स्कॅनर जवळ नेला तरच पंधरा आकडी नंबर सांगते. आणि त्या नंबरापुढे तुमचा चालू फोन नोंदलेला नसेल तर काही उपयोग नाही. ओहायोच्या संशोधकांनी २००९ साली शेल्टरमधल्या चिप असलेल्या ७,७०४ प्राण्यांचा हिशेब मांडला, त्यात जवळपास ७३ टक्क्यांचे मालक सापडले. जे सापडले नाहीत त्यांचं मोठं कारण चुकीचा किंवा बंद पडलेला फोन नंबर. आपल्याकडे टपरीवाल्याकडे कुठला आलाय स्कॅनर? त्यामुळे चिप जरूर बसवा, पण गळ्यात नंबर कोरलेला साधा पितळी बिल्ला त्याहून जास्त कामाचा.

मिळाली की लगेच अंघोळ घालू नका आणि पाहुणे बोलावू नका. आधी डॉक्टर: गोचीड, पंजांच्या गाद्या, चावल्याच्या खुणा. इतर कुत्र्यांशी झटापट झाली असणार हे धरून रेबीजच्या डोसबद्दल त्यांना विचारा. पुढचे काही आठवडे बाहेर नेताना हार्नेस आणि गळपट्टा दोन्ही, कारण एकदा निसटलेलं कुत्रं दुसऱ्यांदा आणखी सहज निसटतं. आणि तुळशीच्या लग्नापर्यंत फटाके सुरूच राहतात, हे ध्यानात असू द्या.

आज रात्री दोनला कोथरूड डेपोपासून सुरुवात करा, टेकडीच्या पायथ्यापर्यंत. एकटे जाऊ नका, पण चारचौघांचा घोळकाही नको. वाटेत जो जागा दिसेल त्याला विचारा. काही खबर लागली की इथेच खाली ठिकाण आणि वेळ लिहा, म्हणजे पिंजरा लावायचा की बसून वाट बघायची ते ठरवता येईल.