मर्सिडीज सी-क्लासचं फेसलिफ्ट येणार म्हणतात. थांबावं की आताचीच घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की निपाणीजवळ हायवेवर काळी-पांढरी नक्षी चिकटवलेली (चाचणीतल्या गाडीचं रूप लपवायला लावतात ती) गाडी दिसली, आणि यूट्यूबवर तर रोज ‘नवी सी-क्लास’ म्हणून नवा फोटो येतोय. फेसलिफ्ट म्हणजे गाडी तीच, थोडं रूप बदललेलं; नवी पिढी म्हणजे अख्खी गाडीच नवी. आधी त्या फोटोंचं बघू. माझा मर्सिडीजशी काही संबंध नाही. बेळगावात उद्यमबागेत आमचं मशिन शॉप आहे, प्रेस टूलची, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या साच्यांची, कामं होतात. पण गाडीचा दरवाजा बनवायला काय लागतं ते ठाऊक असलं की निम्म्या अफवा तिथेच गळतात.

दरवाजाचा बाहेरचा पत्रा एका दणक्यात होत नाही. आधी ड्रॉ (पत्रा दाबून आकार देणं), मग ट्रिमिंग (कडा कापणं), पिअर्सिंग (भोकं पाडणं), मग कडा वळवणं, आणि जवळजवळ प्रत्येक कामाला वेगळी डाय, म्हणजे साचा. एकेक डाय म्हणजे टनावारी बिडाचं कास्टिंग. मशिनिंग झालं तरी काम संपत नाही. निळा रंग मारून वरचा-खालचा भाग एकमेकांवर दाबायचा, रंग जिथे उमटतो तिथे ग्राइंडर फिरवायचा, पुसायचं, पुन्हा दाबायचं. माणूस वैतागतो. शिवाय दरवाजा बदलला की बाजूच्या धडकेच्या चाचण्या आल्या. बंपर मात्र प्लास्टिकचा, त्याचा मोल्ड बदलला की गाडीला नवं तोंड मिळतं. ग्रिल आणि दिव्यांचंही तसंच. म्हणून फेसलिफ्टमध्ये कंपन्या दरवाजे, छत, काचांची रेघ यांना सहसा हात लावत नाहीत. ज्या ‘लीक’ फोटोत फेसलिफ्ट म्हणून दरवाजावरची रेषाच बदललेली असते, तो कुणीतरी कॉम्प्युटरवर बसून रंगवलेला समजा.

रस्त्यावरची गाडी ओळखायलाही हेच उपयोगी पडतं. नक्षी फक्त पुढे-मागे आणि दरवाजांवर काहीच नाही, तर बहुधा फेसलिफ्ट. गाडी आरशापासून डिकीपर्यंत गुंडाळलेली, तर बहुधा नवी पिढी. तुम्हाला दिसलेली मर्सिडीजच होती कशावरून, हाही प्रश्न आहेच. चाकण-पिंपरीतून चाचणीला निघालेली कुठल्याही कंपनीची गाडी कर्नाटकात यायची तर बहुधा याच रस्त्याला लागते.

आता तारखांचं. सी-क्लासची मागची पिढी भारतात आली नोव्हेंबर २०१४ मध्ये. तिचं फेसलिफ्ट मार्च २०१८ मध्ये जिनिव्हाच्या मोटार शोमध्ये दिसलं आणि त्याच सप्टेंबरात आपल्याकडे विकायला आलं. आताची पिढी फेब्रुवारी २०२१ मध्ये जगाला दाखवली, चाकणला बनून आपल्याला मिळाली मे २०२२ मध्ये. म्हणजे नव्या पिढीला इथे यायला वर्षाहून जास्त, फेसलिफ्टला त्याहून कमी. मर्सिडीजची एसयूव्ही जीएलई बघा की, फेसलिफ्ट २०२३ च्या सुरुवातीला बाहेर दिसलं आणि नोव्हेंबरात भारतात आलं. ई-क्लासची नवी पिढी मात्र एप्रिल २०२३ मध्ये दाखवली आणि आपल्या हाती ऑक्टोबर २०२४ मध्ये पडली, तीही लांब व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली. जर्मनीतले तिचे फोटो बघून मागच्या सीटवर किती जागा मिळेल याचा हिशोब मांडत बसलेल्यांचा तो हिशोब फुकट गेला.

या चालीने आताच्या सी-क्लासला हात फिरवायची वेळ आलेलीच आहे, त्यामुळे फेसलिफ्टची अफवा मी खोटी म्हणणार नाही. काय बदलेल याचा माझा अंदाज: दिव्यांत मर्सिडीजच्या चिन्हातल्या ताऱ्याचा आकार, ग्रिलमध्ये उजेड, आत मोठा स्क्रीन. सप्टेंबर २०२५ मध्ये म्युनिकला दाखवलेल्या इलेक्ट्रिक जीएलसी या मर्सिडीजच्याच एसयूव्हीच्या ग्रिलमध्ये ९४२ प्रकाशाचे ठिपके आणि डॅशबोर्डभर ३९.१ इंची पडदा आहे, कंपनीचा कल त्यातून कळतो. मला स्वतःला तो उजेड लग्नाच्या मांडवातला वाटतो, पण गिऱ्हाईक मागतंय तर देणार.

इंजिनाच्या अफवा मी इतक्या झटकून टाकत नाही, कारण पत्रा न बदलता ते बदलता येतं. सी-क्लासचीच वेगवान आवृत्ती असलेल्या एएमजी सी ६३ मधलं व्ही-८ (आठ सिलिंडरचं इंजिन) काढून दोन लिटरचं चार सिलिंडरी हायब्रिड बसवलं तेव्हा जुने शौकीन किती भडकले ते सगळ्यांनी वाचलंय. आणि कंपनीचं स्वतःचं बोलणंही शेवटचं धरू नका. २०२१ मध्ये म्हणाले, बाजार साथ देईल तिथे दशकाच्या अखेरीला फक्त इलेक्ट्रिक. २०२४ मध्ये पाऊल मागे घेतलं. इलेक्ट्रिक सी-क्लास येणार हे जाहीर आहे, पण ती वेगळीच गाडी. तिच्यासाठी पेट्रोलवालीचा निर्णय अडवून ठेवू नका.

मग थांबायचं का? गाडी सात-आठ वर्षं ठेवणार असाल तर बंपरसाठी थांबू नका. जुनं मॉडेल संपवायच्या घाईत शोरूमवाला मोकळ्या हाताने सूट देतो, ती घासाघीस करून घ्या, आणि चेसिस नंबरवरून गाडी कुठल्या महिन्यात बनली ते आधी तपासा. तीन वर्षांत विकणार असाल तर मात्र थांबा. नवं तोंड आलं की जुन्याचा भाव त्याच आठवड्यात उतरतो.

निपाणीकरांसाठी एक वेगळी गोष्ट. कर्नाटकात वीस लाखांवरच्या गाडीला रोड टॅक्स १८ टक्के, वर सेस. साठ लाखांच्या गाडीला साधारण बारा लाख. कोगनोळी नाका ओलांडून महाराष्ट्रात कागलला गेलं की तीच पेट्रोल गाडी १३ टक्क्यांत, पावणेआठ लाखांच्या आसपास. म्हणून कुणीतरी तुम्हाला कोल्हापूरच्या मेहुण्याच्या पत्त्यावर एमएच-०९ पासिंग करायला सांगणारच. पण बारा महिन्यांहून जास्त गाडी इकडे ठेवली की मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे इथला नंबर घ्यावा लागतो, टॅक्सही इथला भरावा लागतो, आणि तिकडच्या परताव्यासाठी हेलपाटे वेगळे. कोटेशन मागताना कर्नाटक पासिंगचीच ऑन-रोड किंमत लेखी घ्या.