वाचक विचारतात: राक्षस नसलेला पाणबुडीतला हॉरर कुठला?

प्रश्न (एक वाचक, डोंबिवली): मला आणि माझ्या भावाला पाणबुडीतले, खोल समुद्रातले हॉरर पिच्चर बघायचं वेड आहे, पण दरवेळी शेवटी एक राक्षस समोर येऊन उभा राहतो आणि भीतीच निघून जाते. राक्षस नसलेला एखादा सांगा ना, खरंच घाबरवणारा.

उत्तर: 'बिलो' बघा, 2002 चा. दिग्दर्शक डेव्हिड टूही, आणि लिहिणाऱ्यांमध्ये 'ब्लॅक स्वान'चा दिग्दर्शक डॅरेन अॅरोनॉफ्स्कीपण आहे. 1943 साल, अटलांटिक समुद्र, 'टायगर शार्क' नावाची अमेरिकन पाणबुडी बुडालेल्या ब्रिटिश हॉस्पिटल जहाजावरच्या तिघांना उचलते, त्यात एक नर्स, आणि पाणबुडीवर बाई आली म्हणून खलाशी लगेच कुरकुरायला लागतात. मग वर जर्मन जहाज घिरट्या घालतंय, खाली सगळे श्वास रोखून गप्प, कारण जरा आवाज झाला तरी वरच्यांना पत्ता लागणार, आणि नेमकी तेव्हाच ग्रामोफोनवर जॅझवाल्या बेनी गुडमनची रेकॉर्ड आपोआप वाजायला लागते. लावली कुणी? पुढचं सांगत नाही.

मला हा पिच्चर इतका आवडतो त्याचं कारण हवा. तेव्हाची पाणबुडी खाली गेली की डिझेल इंजिन बंद, कारण इंजिनाला हवा लागते, मग सगळं बॅटरीवर. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, तो साठला तर एका ठिणगीने स्फोट. बॅटरीत समुद्राचं पाणी शिरलं तर क्लोरीन. आणि वर येताच येत नसेल तर आतला कार्बन डायऑक्साइड वाढत जातो, आधी डोकं ठणकतं, मग नीट विचार करता येत नाही, काय खरं काय खोटं तेच कळेनासं होतं. म्हणजे खलाश्याला जे दिसतंय ते भूत आहे की खराब हवेने डोकं फिरलंय, हे त्यालाही कळत नाही आणि आपल्यालाही नाही. राक्षस दाखवला की हा संशय संपतो, म्हणून तर तुमची भीती निघून जाते.

जमलं तर त्याआधी 'दास बूट' बघा, 1981 चा, वोल्फगांग पीटरसनचा. हॉरर नाही तो, युद्धपटच आहे, पण पाणबुडी किती खोल गेली ते दाखवणारा काटा सरकत जातो, लोखंड कण्हतं आणि बोल्ट गोळीसारखे उडतात तेव्हा हात घामाने ओले होतात. जर्मन पाणबुड्यांवरच्या सुमारे 40,000 जणांपैकी 30,000 परत आले नाहीत, हे पिच्चरच्या सुरुवातीलाच सांगितलंय आणि ते पूर्ण वेळ डोक्यात राहतं. दोन्ही हेडफोन लावून बघा प्लीज, मोबाइलच्या स्पीकरवर नको, अर्धा पिच्चर आवाजातच आहे.

प्रश्न (एक वाचक, नाशिक): 'अंडरवॉटर' (2020) मध्ये हेल्मेट फुटून माणूस क्षणात जातो. खरंच इतकं पटकन होतं?

उत्तर: हो, ते खरं आहे. पाण्यात दर 10 मीटर खाली गेलं की वरच्या हवेच्या दाबाएवढा दाब साधारण आणखी वाढतो. हा पिच्चर पॅसिफिक महासागरातल्या मारियाना गर्तेत घडतो, तिथे सुमारे 11 किलोमीटर खाली करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर टनाहून जास्त वजन पडतं, तिथे काही कोसळलं तर किंचाळायलाही वेळ नाही. 2023 च्या जूनमध्ये बुडालेलं टायटॅनिक बघायला गेलेल्या 'टायटन' या छोट्या पाणबुडीचं हेच झालं, पाच जण गेले, आणि ते तर 11 किलोमीटर खोल गेलेही नव्हते, टायटॅनिक 3,800 मीटरवर आहे. पण तडा गेला म्हणजे संपलंच असंही नाही बरं का. 1960 मध्ये जाक पिकार आणि डॉन वॉल्श 'ट्रिएस्ट' नावाच्या खोल समुद्रात उतरणाऱ्या यानातून याच गर्तेत उतरत होते, 9,000 मीटरच्या खाली बाहेरच्या खिडकीला तडा गेला, अख्खी ट्रिएस्ट हादरली, आणि तरी ते दोघं तळापर्यंत गेले आणि सुखरूप वर आले. यावर कुणी हॉरर का नाही काढला हेच मला कळत नाही.

प्रश्न (एक वाचक, कोल्हापूर): आपल्याकडे असं काही आहे का?

उत्तर: पाणबुडीतलं भूत असं मला माहीत नाही. 'द गाझी अटॅक' (2017) आहे, तेलुगू-हिंदी, 1971 मध्ये विशाखापट्टणमजवळ बुडालेल्या 'गाझी' या पाकिस्तानी पाणबुडीवर बेतलेला, त्यात आपला अतुल कुलकर्णी आहे. हॉरर नाही, पण कोंडल्यासारखं नक्की होतं. आणि 'भूत: द हाँटेड शिप' (2020), विकी कौशलचा, 2011 मध्ये जुहूच्या किनाऱ्याला लागलेल्या 'एमव्ही विझडम' जहाजावरून सुचलेला. रिकाम्या जहाजातले अंधारे पॅसेज भारी आहेत, नंतर भूत जरा जास्तच दिसतं. खरं तर पाणबुड्या आपल्या माझगाव डॉकमध्येच बनतात, नौदलातून रिटायर झालेली माणसं आसपास आहेत, त्यांच्याशी बोलून कुणीतरी मराठीत लिहायलाच हवं.