पैसे वेळेवर जातात, तरी मुलगा शाळेत मागे का पडतो?

परदेशात बांधकामावर असलेल्या एका वडिलांचा प्रश्न होता (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत): "दर महिन्याला न चुकता पैसे पाठवतो, तरी नववीतल्या मुलाची हजेरी घसरलीय. म्हणतो, शिकून काय करू, मीपण तिकडेच येतो. माझं काय चुकतंय?"

आधी पैशांची वाट तपासली. सगळी रक्कम वडिलांच्या थोरल्या भावाच्या खात्यात जायची. त्यातून कर्जाचा हप्ता, किराणा, आजीची औषधं. उरलं तर फी. फी भरायची वर्षातून दोनदा, त्यामुळे नेमकं त्या तारखेला खातं रिकामं. गैरहजेरीच्या आणि फीच्या तारखा शेजारी-शेजारी लिहिल्या तेव्हा चित्र स्पष्ट झालं: थकबाकीदारांत नाव आलं की मुलगा आठवडाभर वर्गाकडे फिरकत नव्हता.

बाहेरून येणाऱ्या पैशाने शिक्षण वाढतं, हे खरंच आहे. 1997च्या आशियाई आर्थिक संकटात फिलिपिन्सचं चलन पेसो घसरलं, त्यामुळे तिथून परदेशी गेलेल्यांच्या घरी आलेल्या पैशाचं मोल वाढलं. तिथे मुलांचं शालेय शिक्षण वाढलं आणि बालमजुरी कमी झाली. मेक्सिकोत मात्र स्थलांतरितांच्या घरातले सोळा ते अठरा वयाचे मुलगे शाळा सोडून स्वतःच स्थलांतराकडे वळण्याची शक्यता जास्त दिसली. या घरात दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू होत्या.

म्हणून शिक्षणाचे पैसे वेगळे काढायचं ठरलं. वर्षाची फी, वह्या-पुस्तकं आणि प्रवास यांची बेरीज करून बाराने भागायची. तेवढी रक्कम दर महिन्याला तिकडेच बाजूला ठेवायची आणि फीच्या तारखेच्या दहा दिवस आधी थेट आईच्या खात्यात एकरकमी पाठवायची. पाठवणावळीत बहुतेकदा एक ठरावीक भाग असतो, म्हणून छोट्या रकमा वारंवार पाठवणं महाग पडतं. पावतीचा फोटो वडिलांना मुलानेच पाठवायचा.

वेळेचा हिशोबही तितकाच महत्त्वाचा. बँक, दुरुस्त्या, आजीचा दवाखाना ही वडिलांची कामं मुलाच्या अंगावर पडली होती. त्यातली शाळेच्या वेळेतली कामं काकांनी घेतली. पैसा येतो म्हणजे घरातल्या माणसाची उणीव भरून निघते, हा समज फार नुकसान करतो.

"मीपण येतो" यावर रागावू नका, असं वडिलांना सांगितलं. त्यांनी व्हिडिओ कॉलवर कामाची जागा दाखवली: हेल्पर काय करतो, प्रमाणपत्र असलेला वायरमन काय करतो, नकाशा कोण वाचतो आणि प्रत्येकाच्या हातात महिन्याला किती पडतात. जायचंच असेल तर दहावी, मग एखाद्या ट्रेडचं प्रमाणपत्र आणि करारनामा वाचता येण्याइतकी भाषा, हा क्रम मुलाने स्वतः वहीत लिहिला.

दोन महिन्यांत हजेरी सुधारली नाही, तर अडचण पैशाची नसून अभ्यासाची किंवा वर्गातल्या छळाची असू शकते. अशा वेळी वर्गशिक्षकांना फोन वडिलांनीच करावा, काकांमार्फत निरोप पाठवू नये.