वाचकांचे प्रश्न : जुन्या एसयूव्हीतील ‘एम स्पोर्ट’

प्रश्न : मी २०१७ची बीएमडब्ल्यू एक्स१ २०डी घेण्याच्या विचारात आहे. ‘एम स्पोर्ट’साठी विक्रेता जादा पैसे मागतो. ते द्यावेत का?

उत्तर : ‘एम स्पोर्ट’ हे गाडीला स्पोर्टी रूप देणारे बीएमडब्ल्यूचे पॅकेज आहे. त्यामुळे इंजिनाची ताकद वाढत नाही, २०डीचे इंजिन १९० अश्वशक्तीचेच राहते. जादा पैसे प्रामुख्याने बंपर, स्टिअरिंग, आसने आणि चाके यांसाठी मोजले जातात. त्यांपैकी चांगली आसने लांबच्या प्रवासात रोज उपयोगी पडतात, म्हणून त्यांना मी खरोखर मोल देतो. चाकांबाबत मात्र सावध राहावे. चाक मोठे घेतले की टायरची बाजू कमी उंचीची होते : १८ इंची चाकाच्या २२५/५० आर१८ टायरची बाजूची भिंत सुमारे ११२ मिलिमीटर, तर १९ इंची चाकाच्या २२५/४५ आर१९ची सुमारे १०१ मिलिमीटर असते. हा फरक कागदावर किरकोळ दिसला, तरी पावसाळ्यातील खड्ड्यांत रिम वाकण्याचा धोका त्याने वाढतो, आणि टायर रन-फ्लॅट (हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे, कडक बाजूंचे) असतील तर धक्केही अधिक जाणवतात. म्हणून चारही रिम आतल्या बाजूने तपासून घ्यावेत. केवळ बॅज बाहेरून चिकटवलेल्या गाड्याही विक्रीस येतात. चॅसी क्रमांकावरून अधिकृत सेवा केंद्रात मूळ पॅकेजची खात्री करावी. सेवा-नोंदी अपुऱ्या असतील, तर या पॅकेजसाठी एक रुपयाही जादा देऊ नये.